सूर्यास्त, सावधान!

सूर्यास्ताशी माझं वैयक्तिक वैर नाही. आमच्या जांब समर्थातही तो रोज होतो, रानामागं होतो, आणि बैल घरी आणण्याच्या गडबडीत त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. माझं भांडण आहे ते दीपगृहामागं होणाऱ्या सूर्यास्ताशी. म्हणजे खरं तर तो टिपण्यासाठी वाळूत गुडघे टेकून बसणाऱ्या मंडळींशी.

"मामा, समुद्रापासून चारशे किलोमीटरवर राहून तुम्ही दीपगृहाच्या फोटोवर बोलणार?" असं आमचा भाचा विचारतो. भाचा ठाण्याला असतो. त्याच्या मोबाइलला मागून तीन डोळे आहेत आणि तो 'फोटोग्राफी करतो'. म्हणजे लग्नात पंगत उठल्यावर जेवायला येतो. त्याचं म्हणणं वरवर बरोबर आहे. पण दीपगृहावर बोलण्याचा अधिकार आमच्या गावाला समर्थांपासून आहे. समर्थ रामदास १६०८ साली आमच्याच गावात जन्मले, आणि लग्नात 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून पळाले असं सांगतात. दीपगृह तरी दुसरं काय करतं? रात्रभर समुद्राला 'सावधान' म्हणतं. ऐकणाऱ्यानं मात्र पळायचं नसतं, वळायचं असतं.

दुसरं कारण घरचं आहे. माझा धाकटा मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला आहे. ज्या घरानं विहिरीचा तळ दर उन्हाळ्यात पाहिला, त्या घरातलं पोर पाण्यावर पोट भरायला गेलं! आईचं वय आता असं आहे की ती समुद्र पाहायला जाणं शक्य नाही. तिचा एकच प्रश्न असतो : "रातच्याला त्याला कसं कळतं रे, मुंबई आली म्हणून?" मी म्हटलं, दिवा असतो. "मंग त्यो दिवा दाव की मला."

झालं. भाच्याला सांगितलं, त्यानं फोटो पाठवला, मी तो मोठा छापून घेतला. तांबडंलाल आभाळ, सोन्याचं पाणी आणि मधोमध कोळशासारखा काळा खांब. आईनं चष्मा पुसून तो उलटासुलटा पाहिला. "ह्यात दिवा कुठंय? नुस्ता खांब दिसायलाय. आन् इतका काळा कामून? जळाला का?"

यावर भाचा म्हणाला, "आजीला कला कळत नाही." मला तिथंच राग आला. कारण आजीला कळलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं.

बघा, दीपगृहाला रंग असतो तो हौसेनं दिलेला नसतो. दिवसा दिवा दिसत नाही, तेव्हा खलाशी मनोऱ्याच्या आकारावरून आणि रंगावरून ओळखतो की हा अमुक. कुलाब्याच्या दांडीपुढं खडकात १८७५ सालापासून उभं असलेलं प्राँग्ज दीपगृह पट्ट्यापट्ट्यांचं आहे. चेन्नईच्या मरीनावरचं तांबडं-पांढरं आहे. रात्री ओळख पटते ती उघडझापीवरून : किती सेकंदांनी, किती वेळा. जवळपासच्या दोन दिव्यांचा ठेका एक नसतो, नाहीतर खंडेरीला प्राँग्ज समजून बोट खडकावर जायची. म्हणजे दीपगृहाचा सारा जन्म 'मी मीच आहे, दुसरा नव्हे' एवढं सांगण्यात जातो. आणि आमचे कलावंत काय करतात? त्याच्या पाठीमागं सूर्य ठेवून त्याचं तोंड काळं करतात! मग प्राँग्ज काय, आग्वाद काय आणि आमच्या जालन्याच्या पाण्याची टाकी काय, सगळे एकाच वाणाचे.

बरं, सूर्य हा दीपगृहाचा सोयराही नव्हे. जुन्या दिव्यांभोवती भिंगांचा मोठा पिंजरा असतो. दिवसा त्यावर पडदे ओढून ठेवतात, कारण ऊन भिंगातून आत शिरलं तर दिव्याचंच नुकसान व्हायचं, प्रसंगी आग लागायची. आपण ज्याच्यापासून डोळे झाकून बसतो, त्याच्याच मिठीत आपला फोटो काढलेला कुणाला आवडेल?

अखेर मीच गेलो. प्राँग्जपर्यंत पोचायचं तर ओहोटी साधावी लागते, आणि माझे गुडघे ओहोटीचं वेळापत्रक पाळत नाहीत. म्हणून रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला गेलो. (तिथल्या गावात अजून पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात, आमच्या मराठवाडीला ती कळेना, त्यांना आमची कळेना, चहा मात्र दोघांनाही कळला.) डोंगराच्या समुद्राकडच्या अंगावर दीपगृह आहे आणि तिथूनच पायऱ्या वर किल्ल्यात जातात. भाचा संध्याकाळी जाऊ म्हणत होता. मी सकाळी नेला. साधा हिशेब आहे : आपला समुद्र पश्चिमेला, सूर्य सह्याद्रीकडून वर येतो. पाठीवर ऊन घेऊन उभं राहिलं की मनोरा उजळलेला, त्याचा रंग खरा आणि मागचं पाणी निळं. डोंगर ओलांडून ऊन खाली उतरेपर्यंत तेवढं थांबावं लागतं. आम्ही थांबलो. भाचा जांभया देत थांबला.

मग तो पायथ्याशी जाऊन मोबाइल आभाळाकडे करू लागला. त्यानं मनोरा मागं कलंडतो आणि पडणाऱ्याला आपण धावून धरावं असं वाटू लागतं. मी त्याला पायऱ्या चढायला लावल्या. वरून मोबाइल सरळ धरता येतो, पाण्याची रेघ आडवी राहते. समुद्र तिरका दिसला की घरी बसलेल्या माणसालाही बोट लागते. मनोरा मधोमध नको, एका बाजूला घे, असं तो म्हणाला, ते मी ऐकलं. समुद्राच्या बाजूला जागा मोकळी सोडली. दिवा ज्याच्याशी बोलतो त्याला उभं राहायला जागा नको का?

खरी लढाई झाली ती दोरीवरून. चित्राच्या कोपऱ्यात एका दोरीवर कुणाचा तरी बनियन आणि दोन टॉवेल वाळत होते. भाचा म्हणाला, "मामा, हे मोबाइलवर पुसून टाकतो, दोन मिनिटांत." मी म्हटलं, बनियनला हात लावलास तर तुझी एसटी वेगळी आणि माझी वेगळी.

घरी आल्यावर फोटो आईपुढं ठेवला. मुलगा फोनवर सांगतो की हल्ली वाट उपग्रह दाखवतो. पण दिवा दिसायला लागला की सगळी पोरं डेकवर येतात. ते तिला सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. मनोऱ्यावरून तिचं बोट सरकत सरकत कोपऱ्यात गेलं.

"ह्यो बनियन कुणाचा?"

"तिथं राहणाऱ्या माणसाचा असंल."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मानूस हाय जागं."