नकली म्हणून भंगारात नको!

मंडळी, घरातली आवराआवर करताना माळ्यावरून मुलांचा जुना व्हिडिओ गेम निघाला, तर भंगारवाल्याला हाक मारू नका. आमच्या भिवंडीत यंत्रमागसुद्धा किलोच्या भावाने भंगारात गेले, तिथे या प्लास्टिकच्या डब्याला कोण विचारणार? पण विचारायला हवं.

१९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हा खेळ बाजारात आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आल्या, त्या बहुतेक त्याच्या नकला. टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’, आत मात्र मोजकेच खेळ, तेच तेच पुन्हा!

अमेरिकेत रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात जुने व्हिडिओ गेम जपले जातात. न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या कलासंग्रहालयाने २०१२ साली पॅक-मॅन आणि टेट्रिस संग्रहात घेतले. म्हणजे अस्सल मालाची काळजी घेणारे आहेत. आपल्या पोरांनी खेळलेली नक्कल जपायची, तर ती आपणच. जी वस्तू सगळ्यांकडे असते, ती कुणीच सांभाळत नाही, आणि उद्या तीच दुर्मिळ होते.

कुणी म्हणेल, चोरीच्या मालाला संग्रहालयात जागा कशाला? अहो, संग्रहालय म्हणजे बक्षीस समारंभ नव्हे. माणसं कशी जगली, याचा तो पुरावा असतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. त्या वस्तूही कधीकाळी कुणाच्या तरी अडगळीतच होत्या ना?

म्हणून माझं म्हणणं असं, की गावोगावच्या संग्रहालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी निदान एक कपाट यासाठी द्यावं. आपण खेळ देताना रिमोट, कॅसेटी, असेल तर खोकंही द्यावं. सोबत एका कागदावर लिहावं : कधी घेतला, केवढ्याला, किती मुलं आळीपाळीने खेळायची. जमलं तर जुना डबा टीव्हीही द्यावा. बंदुकीने बदकं मारायचा खेळ त्या काचेच्या नळीच्या पडद्यावरच चालतो, आजच्या सपाट टीव्हीवर बंदुकीला नेम कळत नाही.

असो. तुमच्या माळ्यावर काय आहे, ते एकदा बघा. पुढच्या भंगारवाल्याच्या आरोळीआधी बघा, एवढंच!