खाऱ्या पाण्याच्या टाकीतील माशांची निवड

शेतकऱ्यांच्या मासिकात शोभेच्या माशांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आमचे कित्येक वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, किनारपट्टीवरील आमच्या काही सभासदांनी आंबा-नारळाच्या बागेस जोडून पाहुण्यांच्या उतरण्याची सोय केली आहे, आणि पडवीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी मांडण्याची चाल त्यांच्यात पडू लागली आहे. दुसरे असे की, शोभेच्या सागरी माशांची पैदास हा किनाऱ्यावरील कुटुंबांस नवा जोडधंदा होऊ पाहत आहे. तेव्हा घेणारा आणि विकणारा अशा दोन्ही वाटांनी हा विषय आमच्या दारी आला आहे. त्यातील एका चुकीच्या समजुतीविरुद्ध चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ती समजूत ही की, टाकी मोठी असली म्हणजे तिच्यात कोणताही मासा कोणत्याही माशाशेजारी खपतो.

आमच्या एका स्नेह्यांचीच गोष्ट घ्या. त्यांनी दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद व पाऊण मीटर उंच अशी टाकी करविली. तीत सुमारे अकराशे लिटर पाणी मावते. केवळ पाण्याचेच वजन एक टनाहून अधिक, म्हणून खालची जमीन पक्की करून घ्यावी लागली. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या हिशेबाने पहिल्याच भरणीस अडतीस-एकोणचाळीस किलो मीठ लागले. एवढा खर्च केल्यावर टाकी रिकामी दिसू नये म्हणून त्यांनी एकाच दिवशी बारा मासे आणले: दोन विदूषक मासे, ज्यांस बाजारात क्लाऊन म्हणतात, चार डॅमसेल, एक सिंहमासा, एक एंपरर एंजल, दोन फुलपाखरू मासे आणि दोन निळे टँग. विकणाऱ्याने सांगितले, 'टाकी ऐसपैस आहे, सारे गुण्यागोविंदाने नांदतील.' पहिल्याच आठवड्यात विदूषक नाहीसे झाले. त्यामागून दोन डॅमसेल रातोरात गेले, आणि सिंहमाशाचे पोट फुगलेले दिसले. टँगांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले व ते दगावले. फुलपाखरू मासे समोर पडलेल्या चाऱ्याकडे न पाहता उपासाने मेले. महिनाअखेर बारांपैकी चार उरले.

ह्यात दोष माशांचा नव्हे, आणि टाकीच्या आकाराचाही नव्हे. प्रत्येक मासा आपल्या स्वभावाप्रमाणेच वागला. सिंहमासा सुमारे एक वीत-दीड वीत वाढतो, आणि तोंडात मावेल ते गिळणे हाच त्याचा धर्म आहे. फुलपाखरू माशांच्या कित्येक जाती जिवंत प्रवाळाचे लचके तोडूनच जगतात. त्यांस दुसरे अन्न ओळखताही येत नाही. दोष होता तो निवडीचा. दुकानात मासा दिसतो कसा हे पाहिले, वाढल्यावर तो होणार कोण हे पाहिले नाही.

आमच्या वाचकांस ही गोष्ट समजण्यास फार दूर जावे लागू नये. ज्वारीत तुरीचे आंतरपीक आपण पिढ्यानुपिढ्या घेत आलो. ते साधते का? ज्वारी तीन-साडेतीन महिन्यांत निघून जाते, तूर मागून फोफावते. तुरीचे मूळ खोल जाते आणि ती हवेतील नत्र आपल्या गाठींत साठविते. दोघींच्या गरजा निराळ्या, म्हणून एका शेतात दोघी नांदतात. एकाच थरातून, एकाच वेळी, एकच अन्न मागणारी दोन पिके शेजारी लावली तर शेत दहा एकरांचे असले तरी ती एकमेकांस खातात. शेताचा विस्तार हा पिकांच्या मेळाची जागा घेऊ शकत नाही. टाकीचेही नेमके तसेच आहे.

म्हणून कोणताही मासा घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे, असे आमचे मत आहे. पहिला, ह्याचे तोंड केवढे, आणि त्यात शेजारी मावतो काय? आपल्याकडील हेकरूचे पिल्लू काचेमागे फार गोजिरे दिसते, परंतु ते वाढून शेजाऱ्यांस गिळते हे कोळ्याच्या पोरासही ठाऊक आहे. दुसरा, हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? एंपरर एंजलचे पिल्लू गर्द निळे, अंगावर पांढऱ्या कड्यांची नक्षी असलेले असते. मोठेपणी रंग पार पालटून पिवळे पट्टे येतात, लांबी सुमारे चाळीस सेंटिमीटर होते, आणि तो आपल्या जातीचा दुसरा मासा सहसा खपवून घेत नाही. तिसरा, हा खातो काय, आणि ते अन्न आपण रोज देऊ शकतो काय? चौथा, हा राहतो कोठे: कपारीत, वाळूत, की मोकळ्या पाण्यात? एकाच कपारीवर दोघांचा दावा पडला की तंटा ठरलेला.

ह्या चौथ्या प्रश्नाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मासे जितके एकसारखे दिसणारे, तितके ते अधिक भांडतात. कारण सारख्या देहाच्या गरजाही सारख्या असतात. दोन टँग एकत्र ठेवले तर शेपटीच्या बुडाशी असलेल्या पात्यासारख्या काट्याने ते एकमेकांस चिरतात. डॅमसेल स्वस्त व चिवट म्हणून नवशिक्याच्या गळ्यात मारले जातात. पण मोठे झाले की तेच टाकीचे गावगुंड होतात, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास हुसकावतात. विदूषक माशाच्या दोन निरनिराळ्या जाती एकत्र ठेवणेही शहाणपणाचे नाही.

उलट, निसर्गाने जमविलेली सोबत पाहावयाची असेल तर वाळूत राहणारा गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी ही जोडी पाहावी. कोळंबीस दिसते कमी, पण ती बीळ खणण्यात निष्णात. गोबीची नजर तीक्ष्ण, पण त्यास बीळ खणता येत नाही. कोळंबी आपली मिशी गोबीच्या अंगास लावून बाहेर येते, आणि धोका दिसताच गोबी शेपटी हलवून तिला इशारा देतो. एकाचे श्रम, दुसऱ्याचा पहारा. सहकाराचा ह्याहून सुबक दाखला आम्ही क्वचितच पाहिला.

आता कोणी विचारील की, नकार पुष्कळ सांगितले, मग ठेवावे तरी काय? अकराशे लिटरांच्या टाकीस पहिल्या वर्षी आम्ही पुढील मंडळी सुचवू. विदूषक माशांची एक जोडी. बंग्गाई कार्डिनलची जमलेली एक जोडी. फायरफिशची एक जोडी. वर सांगितलेला गोबी एक, त्याच्या कोळंबीसह. आणि शेवटी, शेवाळ खाणारा एक फॉक्सफेस. एकूण आठ मासे. विदूषक माशांची दोन लहान पिल्ले एकत्र घेतली तर जोडी आपोआप जमते; त्यांत मोठे होते ती मादी, दुसरा नर, आणि मादी गेली तर नराचीच मादी होते. फायरफिश घाबरून टाकीबाहेर उडी घेतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवे. फॉक्सफेस गरीब खरा, परंतु त्याच्या पाठीच्या काट्यांत विष आहे; हात घालताना सावध असावे.

आठच मासे म्हटल्यावर पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतील. आम्ही त्यांस विचारतो, कलमी आंब्याची रोपे लावताना आपण तीस फुटांचे अंतर का ठेवतो? पहिली चार वर्षे बाग ओसाडच दिसते. परंतु जो आजच्या रोपाकडे न पाहता उद्याच्या झाडाकडे पाहतो, तोच खरा बागाईतदार.

सिंहमासा किंवा हेकरू ठेवूच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्यास त्यांची हौस असेल त्याने टाकी त्यांच्याच तोलाच्या माशांची करावी, आणि त्यात चिमुकल्या माशांचा मोह धरू नये. कित्येक मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत शिकारी व भक्ष्य एकाच हौदात दिसतात, हा दाखला आम्हांस नेहमी दिला जातो. परंतु तेथे पाणी लाखो लिटर असते, शिकाऱ्यास वेळेवर पोटभर चारा मिळतो, पहाऱ्यास माणसे असतात आणि भांडखोरास हलविण्यास वेगळी टाकी तयार असते. ह्यांपैकी पडवीत काय आहे, ते ज्याने त्याने पाहावे.

निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा आहे. नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तीत मासा सोडू नये. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतू तेवढ्या काळात दगडांवर व वाळूत वसतात. जमिनीत जिवाणू नसतील तर खत कुजत नाही, तसेच हे आहे. त्यानंतर गरीब स्वभावाचे मासे आधी व तापट मागून, असे दोन-दोन करून महिन्या-महिन्याच्या अंतराने सोडावे. आधी आलेला स्वतःस टाकीचा मालक समजतो, म्हणून मालकी गरिबास आधी मिळू द्यावी. आणि प्रत्येक नवा मासा चार आठवडे निराळ्या टाकीत ठेवून मगच आत घ्यावा. बाजारातून आणलेला बैल आपण त्याच दिवशी गोठ्यातील दावणीस बांधतो काय? आमच्या स्नेह्यांच्या टँगांस मारणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा परोपजीवी माशावरून गळून वाळूत कोश करून राहतो व आठवड्यांनंतरही पुन्हा चढतो. तो एकदा आत आला की साऱ्या मंडळीस भोगावे लागते.

आता विकणाऱ्या बाजूकडे वळू, कारण आमच्या मते खरी गोम तेथे आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास टाकीत करण्याची रीत बसविली आहे, आणि आपल्याकडे ऐरोली येथेही कांदळवन प्रतिष्ठानाने ह्या माशांच्या पैदाशीचे काम हाती घेतले. अशी पिल्ले टाकीच्या पाण्यात जन्मलेली, हातचा चारा खाणारी व धडधाकट असतात. समुद्रातून धरलेल्या माशांची गोष्ट निराळी. फिलिपाईन्समध्ये १९६० नंतरच्या दशकात सायनाईड फवारून मासे गुंगवून धरण्याची रीत पडली, आणि तिने मासेही मारले व प्रवाळही. बंग्गाई कार्डिनल हा इंडोनेशियातील बंग्गाई बेटांजवळचा मासा तर व्यापारासाठी इतका धरला गेला की २००७ साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत करावी लागली. सुदैवाने त्याचीही पैदास टाकीत होते. म्हणून घ्यावयाचा तर टाकीत जन्मलेलाच घ्यावा. समुद्रघोडे आणि प्रवाळ ह्यांस आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते कोणी देऊ करील तर घेऊ नये आणि आपणही विकू नये.

किनाऱ्यावरील एखादी भगिनी महिनोन्महिने खपून विदूषक माशांची पिल्ले वाढविते. ती पिल्ले विकत घेणाऱ्याने सिंहमाशाशेजारी सोडली आणि आठवड्यात गमावली, तर तो पुन्हा घेणार नाही. तो शेजाऱ्यास सांगेल की हे मासे जगत नाहीत. अशा रीतीने एका दुकानदाराच्या 'सारे नांदतील' ह्या शब्दाने पिल्ले वाढविणाऱ्या दहा घरांचा बाजार बुडतो. बोगस बियाणे विकणारा एका हंगामाचा नफा मिळवितो आणि गावाचा विश्वास घालवितो, हे आपण भोगलेले आहे. तेच येथे होऊ द्यावयाचे काय?

म्हणून ह्या धंद्यात पडलेल्या आमच्या सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक माशाबरोबर एक चिठ्ठी द्यावी: हा केवढा होतो, काय खातो, कोणाशेजारी ठेवू नये. आणि गिऱ्हाइकाने अयोग्य जोडी मागितली तर ती विकण्यास नकार द्यावा. त्या दिवशी चार पैसे कमी मिळतील. परंतु ज्याचे मासे वर्षानंतरही जिवंत आहेत तो गिऱ्हाईक पुन्हा येईल. विदूषक मासा नीट ठेवला तर वीस वर्षांहूनही अधिक जगल्याचे दाखले आहेत. लहान असता आणलेला मासा घरातील मुलगा कर्ता होईपर्यंत सोबत करू शकतो.

घेणाऱ्यास सांगणे एवढेच की, दुकानात जाण्यापूर्वी कागदावर आपल्या टाकीतील मंडळींची यादी करावी, प्रत्येकापुढे त्याची पूर्ण वाढीची लांबी व चारा लिहावा, आणि ज्याचे नाव यादीत नाही तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये. मुकी जनावरे आपल्या भरवशावर चार भिंतींच्या आत येतात. समुद्रात दुबळ्यास पळण्यास वाट असते, काचेच्या टाकीत नसते. म्हणून तेथे त्याचा शेजार निवडण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे.