नव्या गाडीची कटकट

मामाने नवीकोरी फोर बाय फोर घेतली आणि चार दिवसांत वळताना 'कटक् कटक्' सुरू. स्टीअरिंगही जड. मामा म्हणाला, "तू मेकॅनिकलचा ना? सांग!" मी (कॉन्व्हेंटचं मराठी, सांभाळून घ्या) आधी बेअरिंग म्हणालो, मग सीव्ही जॉईंट, मग डिफरन्शियल. म्हणजे अख्खा सिलॅबस.

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. एवढंच विचारलं, "सरळ जाताना येतो? की वळतानाच? आणि मातीत?" मातीत येत नव्हता. त्यांनी छोट्या लिव्हरकडे बोट दाखवलं. गाडी फोर-हायमध्येच राहिली होती!

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. मातीत चाक घसरून ताण सुटतो, कोरड्या डांबरावर तो साठतो आणि टायर झटक्याने सुटतो. तशीच पळवली असती तर ट्रान्सफर केसचं काम निघालं असतं.

हेच मी परीक्षेत आकृतीसकट लिहिलंय, मार्कही मिळालेत! म्हणून सरांना विनंती, जर्नल उतरवून घेण्याऐवजी लॅबमध्ये एक कटकट करणारी गाडी ठेवा आणि आधी आम्हाला फक्त प्रश्न विचारू द्या.

मामा अजून फोनवर विचारतो, "काय, बेअरिंग बरं आहे ना?"