अर्ज कुणाच्या नावाने?

गेल्या दिवाळीत भाची आणि जावई फराळाला आले होते. सोबत विहीणबाईही होत्या. चिवड्याच्या बशा उचलायच्या आत जावईबापूंनी पिशवीतून जाडजूड फाइल काढली. "मावशी, कॅनडाचं चाललंय आमचं." शाळेतून निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या पोरांचे फॉर्म तपासायचं काम माझ्याकडेच येतं. एजंटने भरून दिलेला कच्चा अर्ज होता. मुख्य अर्जदार नवरा, आणि माझी भाची 'सोबत येणारी पत्नी'. मी सहज विचारलं, "हिच्या नावाने का नाही भरलात?" दोघंही माझ्याकडे बघत राहिले. एजंटने ते विचारलंच नव्हतं आणि यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. विहीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, अर्ज पुरुषाच्याच नावाने असतो ना?"

मैत्रिणींनो, तसं काही नसतं. कॅनडात १९६७ पासून बाहेरच्या माणसाला गुण देऊन निवडायची पद्धत आहे. गुण मिळतात वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव यांना. अर्जदार बाई आहे की बुवा, यासाठी एकही गुण नाही. कुशल कामगार म्हणून अर्ज करायचा तर आधी शंभरापैकी ६७ गुण लागतात: भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, आणि हातातली नोकरी व तिथे रुळण्याची शक्यता यांना दहा-दहा. ही झाली नुसती चाळणी. २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' आली. चाळणीतून पार झालेल्या सगळ्यांची १२०० गुणांवर क्रमवारी लागते आणि वरच्या नंबरांना बोलावणं येतं. नवरा-बायको दोघं पात्र असतील तर मुख्य अर्जदार कोण, हे त्यांनीच ठरवायचं असतं.

मग त्या रात्री आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. जावई ३८ वर्षांचे, बी.कॉम., पंधरा वर्षं हिशेबाचं काम. भाची ३१ वर्षांची, एम.एस्सी. नर्सिंग, बाळंतपणाची सुट्टी वजा जाता चार वर्षं इस्पितळात. दोघांनीही इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा दिलेली होती. वयाचे गुण त्यांना ५५, हिला ९०. शिक्षणाचे त्यांना ११२, हिला १२६. इंग्रजीतही हिचे गुण जास्त. सगळी बेरीज केली तर अर्ज त्यांच्या नावाने ३२३ आणि हिच्या नावाने ४५२! घर तेच, माणसं तीच, फक्त नाव वर-खाली केलं तर १२९ गुणांचा फरक.

जावईबापू जरा गप्प झाले. विहीणबाईंनी विचारलं, "म्हणजे हिच्या मागून हा जाणार?" मी म्हटलं, "आजवर ही त्याच्या मागून जाणारच होती की. तेव्हा कुणी विचारलं होतं का?"

या हिशेबात आपल्या मुलींनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. भाचीला पहिल्या खेपेला ऐकण्यात साडेसात आणि वाचन, लेखन, बोलणं यांत साडेसहा बँड मिळाले होते. दुसऱ्या खेपेला आठ आणि सात-सात-सात. वाढ म्हणावी तर अर्ध्या बँडची. पण तेवढ्यावर तिचे ७८ गुण वाढले, कारण ठरावीक पातळीपुढे चांगलं इंग्रजी हे शिक्षण आणि अनुभव यांच्या गुणांनाही वर ओढतं. एजंटला लाख-दोन लाख मोजण्यापेक्षा तीन महिने इंग्रजीवर घालवलेले परवडतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल मावशी स्वप्नं विकतात. ४५२ म्हणजे काही लॉटरी नव्हे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅनडाने २०२५ सालासाठी ठरवलेला पाच लाखांचा आकडा एकदम ३ लाख ९५ हजारांवर आणला. घरं मिळेनात, सोयी पुरेनात, ही तिथली तक्रार. मार्च २०२५ मध्ये हातात नोकरी असल्याचे क्रमवारीतले जादा गुणही काढून टाकले. २०२५ मध्ये परिचारिकांचा समावेश असलेल्या आरोग्य गटाच्या वेगळ्या सोडती निघाल्या, पण त्यांतलं बोलावणंही ४५२ च्या वरच थांबलं. म्हणजे वाट बघणं आलं. आणि इथे वाट बघायलाही किंमत पडते. लग्न झालेल्या अर्जदाराचे तिशीपासून दर वाढदिवसाला पाच गुण कमी होतात, चाळिशीनंतर दहा. भाची हसून म्हणाली, "मावशी, औक्षण करशील आणि कॅनडा पाच गुण कापेल!"

शिवाय पीआर मिळालं म्हणजे नर्सची नोकरी मिळाली, असंही नाही. नर्सचा परवाना तिथल्या प्रांताच्या संस्थेकडून वेगळा घ्यावा लागतो. पदवीची पडताळणी वेगळी, परवाना वेगळा. हे इथेच समजून घेतलेलं बरं.

मला मात्र सगळ्यात खुपलं ते वेगळंच. अर्जात घरकामाचा रकानाच नाही. दहा वर्षं मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, त्याचे गुण शून्य. चाळणीतून जायला गेल्या दहा वर्षांत पगारी, कुशल कामाचं सलग एक वर्ष हवंच. अर्धवेळ काम चालतं, आठवड्याला १५ तास याप्रमाणे दोन वर्षं केलं तरी ते धरलं जातं. पण त्याचा पुरावा हवा. आणि आपल्याकडे घोडं अडतं ते इथेच. खासगी शाळेत मानधनावर शिकवणाऱ्या, दवाखान्यात रोख पगार घेणाऱ्या किती जणींकडे पगाराची पावती असते? 'अनुभवपत्र' मागितलं की दोन ओळींची चिठ्ठी मिळते. अर्जाला लागतं ते लेटरहेडवरचं पत्र: हुद्दा, कामाच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि नेमकं काम काय केलं.

तसंच नावाचं. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि काही ठिकाणी तर लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं! ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे परक्या देशाला कागदांवरूनच कळणार. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जपून ठेवा. परदेशी जायचं नसलं तरी ठेवा. बँकेत, नोकरीत, वारसाहक्कात कुठे ना कुठे हेच कागद मागतात.

एजंटचं म्हणाल तर कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या नोंदणीकृत वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे. परवाना क्रमांक विचारा आणि तपासा. एक्स्प्रेस एन्ट्रीत नुसतं नाव नोंदवायला सरकार एक पैसाही घेत नाही. "हमखास पीआर" म्हणणाऱ्याच्या पायऱ्या चढूच नका.

आणि ज्या मुली नवऱ्याच्या अर्जावर जाणार आहेत, त्यांच्यासाठी एक शब्द. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या कितीतरी शिकलेल्या मुली कामाची परवानगी नाही म्हणून वर्षानुवर्षं घरी बसल्या. कॅनडाच्या पीआरचं तसं नाही. अर्ज नवऱ्याचा असला, तरी कार्ड मिळाल्यावर ती स्वतःच्या हक्काने तिथली रहिवासी असते. काम करू शकते, आणि उद्या दुर्दैवाने संसार मोडला तर तेवढ्यावरून तिचं कार्ड काढून घेत नाहीत. पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहायची अट मात्र दोघांनाही सारखीच.

भाचीचा अर्ज आता तिच्या नावाने गेला आहे. बोलावणं अजून आलेलं नाही. येईल की नाही, कुणी सांगावं? ती नोकरी करते आहे आणि रात्री फ्रेंच शिकते आहे, कारण फ्रेंच येणाऱ्यांच्या सोडती वेगळ्या निघतात. लेकीला झोपवायचं काम जावईबापूंकडे आलंय. परवा विहीणबाईंचा फोन आला. "हिच्या परीक्षेपर्यंत मीच पुण्याला जाऊन राहते म्हणते," म्हणाल्या. मी म्हटलं, "जा की." त्यांच्या या मदतीला अर्जात रकाना नाही, पण तिच्याशिवाय कुठली सून कुठला अर्ज भरणार आहे?