कोलारच्या खाणीत राहिलेला प्रश्न

सर्नच्या प्रस्तावित ९१ किलोमीटर परिघाच्या ‘फ्युचर सर्क्युलर कोलायडर’विषयी वाद चालू आहे तो मुख्यतः खर्चाचा, पहिल्या टप्प्यालाच सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक. इतिहास मात्र वेगळ्या मुद्द्याकडे बोट दाखवतो. कणांची टक्कर कोठे घडवायची हे ठरेल, पण पाहायचे कोठे?

त्यासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरावे लागते. वैश्विक किरणांचा मारा टाळण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर शोधक मांडले. १९६५ साली वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची जगातील अगदी पहिल्या नोंदींपैकी एक तेथेच झाली. (दुसरी त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत, तीही सोन्याच्याच खाणीत!)

पुढे त्या खाणीत काही विलक्षण घटना टिपल्या गेल्या. न्यूट्रिनो खडकावर आदळला, तर नव्या कणांचे मार्ग खडकातूनच फुटायला हवेत. येथे मात्र ते मार्ग एकत्र येत होते खडक आणि शोधक यांच्यामधल्या मोकळ्या हवेत. विरळ हवेत न्यूट्रिनो आदळण्याची शक्यता नगण्य. खडकात जन्मलेला एखादा अज्ञात कण काही अंतर चालून मग फुटला असावा, असे या गटाने १९७५ मध्ये मांडले. परदेशांतील प्रवेगकांवर शोध झाला; दुजोरा मिळाला नाही. घटना मोजक्याच होत्या, त्यामुळे जगाने नवा कण मान्य केला नाही हे योग्यच. पण प्रश्न सुटला नाही, आणि पुढे खाणीतले प्रयोगही थांबले.

असा दीर्घायुषी कण आजच्या यंत्रांतूनही सहज निसटू शकतो. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांना छेदतात; त्यांतील काही हजार नोंदीच जपल्या जातात. निवडीचे बहुतेक नियम टकरीच्या बिंदूपाशीच काही घडेल असे गृहीत धरतात. ही उणीव काही अंशी भरून काढणारा ‘फेसर’ हा शोधक ४८० मीटर दूर, जुन्या यंत्राच्या काळातील एका रिकाम्या बोगद्यात बसवला गेला, तोही मूळ यंत्र सुरू होऊन दशक उलटल्यावर. २०२३ मध्ये त्याने टक्करयंत्रात जन्मलेले न्यूट्रिनो प्रथमच थेट टिपले.

नव्या यंत्रात दूरच्या शोधकांची जागा अशी नशिबावर सोडू नये. भुयारांच्या भिंतींवरच शोधक बसवण्याचे प्रस्ताव आज उपलब्ध आहेत. त्यांचा विचार खोदकामाच्या आराखड्यातच व्हायला हवा. काँक्रीट ओतल्यानंतर नव्हे.