कव्हर नसलेली रेकॉर्ड

गेल्या महिन्यात आमच्या घरात तीन दिवस एका रेकॉर्डवरून वाद चालला होता. भांडण म्हणावं इतका मोठा नव्हता, पण शेजारचे काका रोज संध्याकाळी चहाच्या निमित्तानं येऊन त्यात भर घालून जात होते, इतका नक्कीच होता.

झालं असं, की आमची लेक बेंगळुरूला नोकरी करते. तिनं तिथं रेकॉर्ड प्लेयर घेतला. आम्ही ज्या वयात रेकॉर्डी माळ्यावर टाकून कॅसेटच्या मागं लागलो, त्या वयात ही पोरं रेकॉर्डी शोधत हिंडतात. कोल्हापूरला एका लग्नाला गेली होती, तिथं जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तिला पंडित भीमसेन जोशींची एक एल. पी. दिसली. एक नव्हे, एकाच एल. पी.च्या दोन प्रती. पहिलीचं कव्हर झकास, कोपरेसुद्धा दुमडलेले नाहीत, पण रेकॉर्डवर ओरखडे. दुसरी रेकॉर्ड काळीभोर, स्वच्छ, पण कव्हर नाही. साध्या कागदी पिशवीत घातलेली. पहिली नऊशे रुपये, दुसरी सहाशे. तिनं दोन्हींचे फोटो पाठवले आणि विचारलं, "बाबा, कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "दुसरी. ऐकायचीय ना?"

काका तिथंच बसले होते. हे काका भजनी मंडळात चाळीस वर्षं तबला वाजवतात. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ऐकायला फोन हाय की. रेकॉर्ड घ्यायची ती कव्हरासाठीच. माझं ऐक, पहिली घ्यायला सांग."

आमच्या सौभाग्यवतींचं मत असं, की दोन्ही घेऊ नयेत, कारण ठेवायला जागा नाही. हे मत कुणी विचारात घेतलं नाही.

आता कव्हरवर असतं तरी काय, असं वाचकांपैकी तरुण मंडळी विचारतील. एल. पी. म्हणजे बारा इंचांची थाळी, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीसेक मिनिटं गाणं. तिच्या मापाचं पुठ्ठ्याचं पाकीट म्हणजे कव्हर. पुढं गायकाचा फोटो आणि मागं बारीक अक्षरांत मजकूर. कुठला राग, कुठला ताल, गायकाचे गुरू कोण, घराणं कुठलं आणि एका ओळीत साथीला कोण. मजकूर बहुतेक इंग्रजीत. आमच्या लहानपणी घरात ते इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं, त्यामुळं आम्ही फोटो आणि एच. एम. व्ही.चा भोंग्यापुढं बसलेला कुत्रा एवढंच बघायचो. दुकानात जाऊन 'कुत्र्याची रेकॉर्ड द्या' असं मागणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या कंपनीचं नाव 2000 साली सारेगामा झालं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना अडवायला एक हुकमी पत्ता काढला. म्हटलं, "काका, आपल्या गदगचा पोरगा. दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यानं ऐकली आणि अकराव्या वर्षी, 1933 साली, गुरू शोधायला घर सोडून निघाला. त्यानं काय कव्हर बघितलं होतं?"

गोष्ट खरीच आहे. भीमसेनजींचा जन्म 1922 चा. खाँसाहेब मिरजेत राहिलेले, त्यांची कबरही मिरजेतच आहे. त्यांची ती ठुमरी जुन्या तबकडीवरची. या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घ्यायच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांत सगळं आटपायचं. तेवढ्या तीन मिनिटांनी एका पोराला घराबाहेर काढलं. कव्हर नाही, फोटो नाही, मागचा मजकूर नाही.

काका गप्प बसतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "त्या ठुमरीला तबला कुणी वाजवलाय?"

मला सांगता आलं नाही.

"हेच म्हणतोय मी," काका म्हणाले आणि उठून गेले.

त्या रात्री मी त्यांच्या म्हणण्याचा विचार करत बसलो. गाणाऱ्याचं नाव गाण्यात येण्याची चाल आपल्याकडं जुनी आहे. तुकोबांच्या अभंगात 'तुका म्हणे' आल्याशिवाय अभंग संपत नाही. तिकडं पुरंदरदासांच्या पदात 'पुरंदर विठ्ठल' येतोच. आपल्या घरांतून दोन्ही ऐकू येतात, त्यामुळं हे वेगळं सांगायला नको. पुस्तक फाटलं, पान हरवलं, तरी पद कुणाचं हे पदच सांगतं. ग्रामोफोन आला तेव्हा तेच झालं. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं. गाणं संपताच ती स्वतःच्या तोंडानं, इंग्रजीत, आपलं नाव सांगते. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिरांना हे गाणं कुणाचं हे कसं कळावं? तबकडीवर चिकटवायच्या चिठ्ठीत घोटाळा होऊ नये, म्हणून नाव आवाजातच घालून पाठवायचं.

म्हणजे कवीचं नाव मुद्रेत आणि गाणाऱ्याचं त्याच्या गळ्यात. भीमसेनजींचा षड्ज लागला की आमच्या गल्लीतला रिक्षावालासुद्धा नाव सांगतो. पण तबलजीनं, पेटीवाल्यानं, मागं तानपुरा धरून बसलेल्या शिष्यानं आपलं नाव कुठं घालायचं? त्यांना तोंड उघडायची सोय नाही. त्यांची जागा म्हणजे कव्हरच्या मागची ती एक ओळ. आणि आता फोनवर गाणं लावलं, की बहुतेक वेळा गायकाचं नाव आणि एक चौकोनी चित्र, एवढंच दिसतं. चाळीस वर्षं तबला वाजवलेल्या माणसाला ते खटकणारच.

अर्थात चिठ्ठीवर नाव असलं म्हणजे सगळं कळलं, असंही नाही. आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्यांवर नाव आहे 'गांधारी'. जी. एन. जोशींबरोबर त्यांनी मराठी भावगीतंही गायली आहेत. आवाजही तेव्हाचा कोवळा, पुढं आपण ऐकला तो भारदस्त पुरुषी आवाज नव्हे. ज्याला ठाऊक नाही, तो अशी तबकडी हातात घेऊन 'कोण ही गांधारी?' म्हणून बाजूला ठेवील. जुन्या बाजारात हिंडणारे शौकीन ही नावं पाठ करून ठेवतात ते उगाच नाही. आणि कुमार गंधर्व? बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. कव्हरवर कुमार गंधर्वच छापलेलं असतं. त्या दोन शब्दांतून सुळेभावी कुणाला दिसायची!

तिसऱ्या दिवशी लेक घरी आली. पिशवीत कव्हर नसलेली रेकॉर्ड. "काकांचं पटलं होतं," म्हणाली, "पण मी जाईपर्यंत कव्हरवाली दुसऱ्यानं नेली." वाद असा मिटला. पण कव्हराचा विषय मिटला नाही, कारण लेकीनं आल्या आल्या माझ्या आईच्या खोलीतलं कपाट आवरायला काढलं.

त्या कपाटात एक बुटाचं खोकं आहे, कॅसेटनं भरलेलं. बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने भिंती ओल्या. कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते आणि ती लावायला गेलं, तर प्लेयरचं डोकंही खराब होतं. लेक म्हणाली, "अज्जी, हे सगळं फोनवर मिळतं. टाकून देऊ?" आई म्हणाली, "टाक की. फक्त ते दासवाणीचं ठेव."

"त्याची फीत तर तुटलीय."

"फीत टाक. कागद ठेव."

माझी आई धारवाडकडची, माहेर कन्नड. वडील शहापूरचे, घरात मराठी. वडिलांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. तेव्हा गावातल्या कॅसेटच्या दुकानात काचेमागं एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशी मांडणी असे. भीमसेनजी दोन्हीकडं. अभंगवाणी मराठीत, दासवाणी कन्नडात. पगार झाल्यावर महिन्याला एक कॅसेट परवडायची, त्यामुळं आई एका टोकाला, वडील दुसऱ्या टोकाला, आणि मधे मी दोघांच्या तोंडाकडं बघत उभा. ज्याची पाळी त्याची कॅसेट. घरी आल्यावर मात्र दोन्ही दोघांनाही लागायच्या.

दासपदं म्हणायला वडिलांना शब्द हवे होते. त्यांनी काय केलं, तर आईला एकेक ओळ सांगायला लावली आणि कॅसेटच्या डबीतल्या कागदाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर, निळ्या शाईनं, देवनागरीत सगळी पदं उतरवली. तीन घड्यांचा तो कागद, अक्षर मुंगीएवढं. अडचण आली ती ओकाराची. कन्नडात 'ए' आणि 'ओ' हे ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. आपल्याकडं दोन्हींना मात्रा एकच. 'कोडु' हा शब्द घ्या. 'को' आखूड म्हटलं तर अर्थ 'दे'. लांबवलं तर 'शिंग'. दासांच्या पदांत देवाकडं मागणं भरपूर आणि वडील आपले मराठी सवयीनं 'को' लांबवून म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, देवाकडं शिंग मागताय काय?"

मग वडिलांनी युक्ती काढली. जिथं ओकार आखूड, तिथं अक्षराखाली टिंब. ही टिंबं आईनं नंतर लाल पेन्सिलीनं तपासली आहेत. काही खोडली, काही वाढवली. एका पदाच्या कडेला तिनं कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय. लेकीनं वाचून दाखवलं. ती कन्नड माध्यमात शिकली नाही, पण बेंगळुरूत राहून वाचायला लागली आहे. 'इथं घाई करू नये', असं लिहिलंय. गाण्यातली घाई की कशातली, ते आईनं सांगितलं नाही.

हा कागद कुठल्याही फोनवर मिळायचा नाही. गाणं मिळेल. आम्ही लगेच लावूनही बघितलं, फितीपेक्षा कितीतरी स्वच्छ ऐकू आलं.

ज्यांच्या घरी अशा डब्या आहेत त्यांना मी एवढंच सांगीन, की टाकायच्या आधी प्रत्येक डबीतला कागद बाहेर काढून उलटा करून बघा. कुणी गाण्यांवर खुणा केलेल्या असतात, कुणी विकत घेतल्याची तारीख घातलेली असते. कुणी नको असलेल्या गाण्यावर फुलीसुद्धा मारलेली असते. रिकामी कॅसेट दुकानातून भरून आणलेली असेल, तर गाण्यांची यादी हाताचीच असणार. कागद घडीवर फाटायला आलेला असला, तर त्याला चिकटपट्टी लावू नका. वर्षा-दोन वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि कागद सपाट करून वहीत ठेवा. रेकॉर्डी असतील तर त्या एकीवर एक रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. ही अक्कल मला आमच्या चार रेकॉर्डी वाकड्या झाल्यावर आली.

आता कोल्हापूरची ती रेकॉर्ड. लेकीनं ती रविवारी लावली. प्लेयर बेंगळुरूहून गाडीत मांडीवर घेऊन आणला होता. आई खुर्चीत, आम्ही खाली, काका दारात उभे. वीस मिनिटं कुणी बोललं नाही. बाजू संपली, सुई मधल्या गोल चिठ्ठीपाशी जाऊन करकरली. काका पुढं आले, वाकून चिठ्ठी वाचू लागले. गायकाचं नाव, रागाचं नाव, नंबर. साथीदारांचं नाव चिठ्ठीवर नव्हतं.

"हात ओळखीचा वाटतोय," काका म्हणाले. दुसरी बाजू ऐकली, पहिली पुन्हा ऐकायला लावली. एक नाव सांगितलं, मग मान हलवून ते मागं घेतलं. आता त्यांनी मिरजेतल्या एका जुन्या शौकिनाला फोन लावून ठेवलाय. त्याच्याकडं हीच रेकॉर्ड कव्हरासकट असावी, असा त्यांचा होरा आहे. तो मागची बाजू बघून कळवणार आहे.

तोवर लेकीनं जाड तपकिरी कागद आणून रेकॉर्डीला मापानं पाकीट शिवलं. पुढं नाव कुठल्या लिपीत लिहायचं यावर मात्र एकमत झालेलं नाही. मी मराठी म्हणतो, ती कन्नड म्हणते. आईनं दोन्ही लिहा म्हणून सांगितलंय, पण कुठलं वर आणि कुठलं खाली, हे ती सांगत नाही. काकांचा हट्ट एवढाच, की मागच्या बाजूला एक ओळ मोकळी सोडायची, मिरजेहून फोन आला की भरायला.