विश्लेषण : नको असलेला अश्लील ई-मेल आला, ‘डिलीट’ करण्याआधी काय कराल?

सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर २०० किलोमीटरहून अधिक. अशा तालुक्यातल्या मुलीच्या मोबाइलवर अनोळखी पत्त्यावरून अश्लील ई-मेल आला, तर बहुधा ती तो गुपचूप पुसून टाकते. घरच्यांची भीती असते आणि तक्रारीसाठी जिल्ह्याला कोण जाणार, हा प्रश्नही असतो. पण मेल पुसला की पुरावाही जातो. शिवाय तक्रारीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठण्याची आता गरज नाही.

हा गुन्हा आहे का?

होय. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर पाठवल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक कृत्याचे चित्रण असेल तर कलम ६७ अ लागते. त्यात ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाखांपर्यंत दंड आहे. महिलेला तिच्या इच्छेविरुद्ध अश्लील चित्रण दाखवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ ठरतो. टपालाने पाठवले तरी सुटका नाही. अशा वेळी पत्रासोबत शिक्क्याचे पाकीटही जपून ठेवावे.

चित्र नाही, फक्त शब्द असतील तर?

मुंबईतील एका सोसायटीतील महिलेला २००९ मध्ये आक्षेपार्ह ई-मेल पाठवले गेले. शब्द ‘उच्चारले’ नाहीत, लिहिले आहेत. म्हणून विनयभंगाचे जुने कलम ५०९ लागत नाही, असा आरोपीचा बचाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो फेटाळला. ई-मेलमधील लेखी शब्दही या कलमात येतात, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हेच कलम आता न्याय संहितेत ७९ क्रमांकाने आहे.

तक्रार कुठे करायची?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिल्यास ३ दिवसांत सही करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकारीच करू शकतो. दुर्गम भागातल्या ठाण्यात निरीक्षक नसेल, तर तपास वरिष्ठांकडे जाईल. पण तक्रार न घेण्याचे ते कारण होऊ शकत नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि १९३० ही हेल्पलाइनही आहे. महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्याची माहिती पोर्टलवर नाव न देताही कळवता येते.

पुरावा कसा जपायचा?

मेल उघडला असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मूळ मेल तसाच ठेवा. तो कोणत्या सर्व्हरमधून आला, याची नोंद त्याच्या ‘हेडर’मध्ये असते; स्क्रीनशॉटमध्ये ती येत नाही. उत्तर देऊ नका, लिंक उघडू नका. ‘तुमचा व्हिडीओ आहे, पैसे द्या’ अशी धमकी असेल तर पैसे देऊ नका. त्यानंतर पत्ता ब्लॉक करा.

काय टाळायचे?

‘बघा, काय आले’ म्हणून तो मेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पुढे पाठवणाराही अडचणीत येऊ शकतो. चित्रात लहान मूल असेल तर प्रत काढू नका, लगेच पोलिसांना कळवा.

मुंबईतील प्रकरणात २००९ चे शब्द २०२४ मध्ये न्यायालयाने तपासले. लिहिलेले इतकी वर्षे बोलू शकते, पण ते जपून ठेवले तरच.